कारमागे कॅरव्हॅन जोडण्यापूर्वी: खान्देशच्या रस्त्यांसाठी वजनाचा हिशेब

बैलगाडीत कडबा किंवा कापूस भरताना मागच्या बाजूला भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि सापती बैलांच्या गळ्याला आवळली जाते. भार फार पुढे घेतला तर तो सगळा बैलांच्या मानेवर येतो. ज्यांच्या घरी बैलगाडी होती, त्यांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. घरच्या कारमागे कॅरव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, जोडू पाहणारी माणसे मात्र पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात: ही गाडी एवढे ओझे ओढेल का? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. आजची बहुतेक मध्यम आकाराची डिझेल गाडी सपाट रस्त्यावर हजार किलोची कॅरव्हॅन ओढून दाखवते. ती त्या कॅरव्हॅनला सरळ ठेवू शकते का, उतारावर आवरू शकते का आणि तिचा पुढचा भार आपल्या मागच्या चाकांवर झेलू शकते का, हे आधी ठरले पाहिजे. ही तिन्ही उत्तरे वजनकाट्यावर मिळतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग मोजण्याविषयी आहे.

कागदपत्रे आधी, टो बार नंतर

गाडीचे मॅन्युअल उघडून ट्रेलर ओढण्याविषयीचे प्रकरण वाचावे. तेथे ब्रेक असलेल्या ट्रेलरचे कमाल वजन, ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन आणि टो बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे बसवायच्या टो बार या दांडीवरच्या गोळ्यावर, पडणाऱ्या उभ्या भाराची मर्यादा असे तीन वेगवेगळे आकडे असू शकतात, आणि तिन्ही पाळावे लागतात. ट्रेलर ओढू नये असे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिले असेल, तर विषय तेथेच संपतो. बाजारात टो बार मिळतो म्हणून गाडी ओढण्यायोग्य होत नाही. मॅन्युअल गप्प असेल, तर ती संमती समजू नये. चॅसिस क्रमांक देऊन उत्पादक कंपनीला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. त्याच नावाच्या गाडीला परदेशात अमुक इतके ओढण्याची परवानगी आहे, असा दाखला अनेक जण देतात. परंतु निर्यातीच्या गाडीचे गिअरचे प्रमाण, रेडिएटर, मागच्या स्प्रिंगा आणि टो बार बसवण्याच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे तो आकडा येथे उसना घेता येत नाही.

बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी बंपरमध्ये फिरवून बसवायचा जो हुक मिळतो, तो कॅरव्हॅनसाठी नसतो. शोभेसाठी मागे बसवलेले, केवळ बंपरला किंवा पातळ पत्र्याला बोल्ट केलेले टो बॉलही कॅरव्हॅनसाठी चालत नाहीत. टो बार चॅसिसच्या किंवा बॉडीच्या मजबूत भागाला, गाडीच्या उत्पादकाने नेमून दिलेल्या ठिकाणीच बसलेला हवा, आणि त्यावर क्षमतेची पट्टी हवी. बॉल ५० मिलिमीटरचा आहे की दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, हे मोजून घ्यावे, कारण फरक डोळ्यांना दिसत नाही. ५० मिलिमीटरची कपलिंग, म्हणजे कॅरव्हॅनच्या दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, दोन इंची बॉलवर नीट बसत नाही, आणि दोन इंची कपलिंग ५० मिलिमीटरच्या बॉलवर सैल राहते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर दिसेल असा लावावा लागतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी कॅरव्हॅनचे नोंदणीपत्र पाहावे, आणि टो बारविषयी आपल्या परिवहन कार्यालयात, मग ते एमएच-१९ चे जळगाव असो, एमएच-१८ चे धुळे असो की एमएच-३९ चे नंदुरबार, विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

हिशेब कसा मांडावा

समजा आपल्या गाडीचे रिकामे वजन, ज्याला कर्ब वेट म्हणतात, १,५०० किलो आहे. सर्व भरल्यावर चालणारे तिचे कमाल वजन २,०५० किलो आहे, आणि गाडी व ट्रेलर मिळून चालणारे कमाल वजन उत्पादकाने ३,१०० किलो दिले आहे. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना असा सल्ला दिला जातो की, भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि अनुभवी माणसानेही शंभर टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्याकडे हा नियम नसला तरी तो स्वतःला लावून घ्यावा. १,५०० चे ८५ टक्के म्हणजे १,२७५ किलो होतात. उत्पादकाची ट्रेलरची मर्यादा याहून कमी असेल, तर ती मर्यादा अंतिम मानावी. ती जास्त असेल, तरी १,२७५ वरच थांबावे.

आता कॅरव्हॅन पाहू. कारागीर किंवा विक्रेता जे वजन सांगतो, ते बहुधा बॅटरी, पाण्याची टाकी, सिलिंडर आणि छतावरचा वातानुकूलक नसतानाचे असते. आमची स्वतःची छोटी कॅरव्हॅन ७०० किलोची म्हणून आम्ही घेतली होती. कापसाच्या जिनिंगच्या भुईकाट्यावर ती रिकामी असतानाच ८६० किलो भरली. त्यानंतर मी सांगितलेल्या वजनावर हिशेब करणे सोडून दिले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे ६० लिटरची भरलेली टाकी म्हणजे जवळजवळ एक माणूस होतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन ३० किलोच्या आसपास जाते. गाद्या, भांडी, धान्य, खुर्च्या आणि तंबूचे कापड धरून चार दिवसांच्या सहलीला दीडशे किलो सामान सहज होते. आपल्या उदाहरणात भरलेली कॅरव्हॅन १,१०० किलोची धरू.

गाडीच्या बाजूला २,०५० मधून १,५०० वजा केल्यावर ५५० किलो भारवाहन क्षमता उरते. ६५ किलोच्या सरासरीने पाच माणसे ३२५ किलो, डिकीतील सामान ६० किलो, टो बार २५ किलो आणि कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाचा बॉलवर पडणारा भार ६५ किलो मिळून ४७५ किलो होतात. येथे ७५ किलो शिल्लक आहेत. बॉलवरचा भार गाडीच्या क्षमतेतून वजा होतो, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि सात आसनी गाडीत सातही जण बसवून कॅरव्हॅन जोडली की मर्यादा नेमकी येथे ओलांडली जाते. एकत्रित वजनात मात्र तो भार दोनदा धरायचा नाही. गाडी, माणसे, सामान आणि टो बार मिळून १,९१० किलो, त्यात कॅरव्हॅनचे १,१०० मिळवले की ३,०१० किलो होतात. ३,१०० ची मर्यादा पाळली गेली, पण हाती फक्त ९० किलो राहिले. मी असा हिशेब पाहिला तर म्हणेन की ही जोडी चालेल, परंतु सासुरवाडीहून येताना डाळीचे पोते कॅरव्हॅनमध्ये टाकू नका.

भुईकाट्यावर तीन वेळा

खान्देशात काटा शोधावा लागत नाही. धरणगाव, चोपडा, जळगाव या भागांत जिनिंग कारखान्यांजवळ, आणि सावदा, रावेरकडे केळीच्या व्यापारामुळे रस्त्यालगत काटे आहेत. हंगामात गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जावे. प्रथम घरची सर्व माणसे बसलेली आणि सामान भरलेली गाडी एकटीच चढवावी, आणि शक्य असल्यास मागची चाके वेगळी मोजावीत, कारण मागच्या आसाची (ॲक्सलची) मर्यादा निराळी असते. नंतर कॅरव्हॅन सोडून, तिचे पुढचे लहान चाक काट्यावर टेकवून, तिचे एकटीचे पूर्ण वजन घ्यावे. शेवटी दोन्ही जोडून एकत्र वजन घ्यावे. तिन्ही पावत्यांवर तारीख आणि त्या वेळी टाकीत किती पाणी होते, हे लिहून ठेवावे.

उलाळ: सगळ्यात महत्त्वाचा भार

कॅरव्हॅनच्या पुढच्या दांडीचे टोक बॉलवर किती दाबते, त्या भाराला नोज वेट म्हणतात. बैलगाडीत जुवावर जो भार असतो, तोच हा. युरोपातील पद्धतीप्रमाणे तो भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात. म्हणजे १,१०० किलोला ५५ ते ७७ किलो. अमेरिकेत १० ते १५ टक्के ठेवतात, परंतु तेथील गाड्या आणि टो बार त्या भारासाठी बांधलेले असतात. आपल्या साध्या कौटुंबिक गाडीला तो आकडा लावू नये. गाडीच्या बॉलची मर्यादा ७५ किलो असेल, तर वरची कड ७५ समजावी.

हा भार भुईकाट्यावर नीट कळत नाही, कारण तेथे दहा-वीस किलोचा फरक सहज हरवतो. घरी कापूस मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर तो सपाट जमिनीवर ठेवावा, त्यावर जाड लाकडाचा ठोकळा उभा करावा आणि कॅरव्हॅनचे कपलिंग त्यावर, गाडीला जोडलेले असताना जेवढ्या उंचीवर असते नेमके तेवढ्याच उंचीवर, टेकवावे. कॅरव्हॅनच्या चाकांना मोठ्या उटी, म्हणजे चाक घरंगळू न देणारे अडसर, लावाव्यात, हँडब्रेक मात्र सोडलेला ठेवावा, आणि ठोकळा घसरण्याच्या वाटेत पाय ठेवू नये. कॅरव्हॅन आडवी, समतल किंवा किंचित पुढे झुकलेली असावी. तिचे नाक वर गेलेले असेल तर भार मागे सरकतो आणि मोजलेला आकडाही फसवा येतो.

भार कमी-जास्त करण्याचे गणित सोपे आहे. वस्तूचे वजन गुणिले तिचे आसापासूनचे अंतर, भागिले आसापासून बॉलपर्यंतचे अंतर. आस ते बॉल साडेतीन मीटर असेल आणि ३० किलोचा सिलिंडर आसाच्या तीन मीटर पुढे दांडीवर असेल, तर नोज वेट सुमारे २६ किलोंनी वाढते. ४० लिटर पाण्याचे कॅन आसाच्या मागे १.४ मीटरवर ठेवले, तर ते १६ किलोंनी घटते. याचा अर्थ मागे ओझे ठेवून नोज वेट हवे तेवढे आणता येते, असा काढू नये. कॅरव्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना जड वस्तू असल्या तर काट्यावर आकडा बरोबर येतो, पण एकदा डोलू लागलेली कॅरव्हॅन थांबता थांबत नाही, कारण टोकांचे वजन तिला झोका देत राहते. जड सामान जमिनीलगत आणि आसाच्या आसपास, किंचित पुढे ठेवावे. वरच्या कपाटांत फक्त कपडे व अंथरूण असावे. स्टेपनी मागच्या भिंतीवर टांगलेली असेल, तर ती तेथून काढून आसाजवळ खाली बसवण्याचा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हे मी चूक करून शिकलो. आमच्या कॅरव्हॅनची पाण्याची टाकी अगदी मागे होती आणि नोज वेट आम्ही मोजलेच नव्हते. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना ताशी सत्तरच्या वेगाने एक मोठा कंटेनर आमच्या बाजूने पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने कॅरव्हॅन आधी ओढली गेली, मग ढकलली गेली, आणि तिने शेपूट मारायला सुरुवात केली. स्टेअरिंग हातात असूनही गाडी आपल्या ताब्यात नाही, ही भावना मी विसरलेलो नाही. मागच्या आसनावर आई आणि दोन मुले होती. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टेअरिंग सरळ धरावे, झोक्याच्या उलट वळवत बसू नये, वेग वाढवून कॅरव्हॅन सरळ करण्याचा प्रयत्न करू नये आणि गाडीचा ब्रेक जोराने दाबू नये. कॅरव्हॅनला विजेवर चालणारे ब्रेक असतील आणि त्यांचे हाताने चालवायचे बटण गाडीत असेल, तर फक्त तेच हलके दाबावे. आम्ही वाचलो. घरी येऊन मोजले तेव्हा नोज वेट ३० किलो निघाले. टाकी आसावर आणि बॅटरी पुढे घेतल्यावर ते ५५ झाले, आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. घर्षणाने डोल कमी करणारे स्टॅबिलायझर मिळतात व ते उपयोगीही आहेत, परंतु चुकीच्या भरणीवर ते औषध नव्हे.

नोज वेट जास्त झाले तरी चालते, असाही समज नसावा. मागच्या आसापासून बॉल एक मीटर मागे आणि दोन आसांमधले अंतर २.६ मीटर असेल, तर बॉलवरच्या ६५ किलोंमुळे मागच्या चाकांवर ९० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २५ किलो उचलले जातात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ओढणारी, वळवणारी आणि मुख्यतः थांबवणारी चाके तीच असतात. पावसाळ्यात ओल्या चढावर ती जागीच फिरू लागतात, याचे एक कारण हे आहे. म्हणून लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन आसांमध्ये जास्त अंतर असलेली, आणि मागे कमी लोंबणारी गाडी कॅरव्हॅनसाठी बरी, आणि मागच्या किंवा चारही चाकांनी चालणारी त्याहून बरी.

घाट आणि ब्रेक

तापीच्या काठाचा प्रदेश सपाट असला, तरी खान्देशातून बाहेर पडायचे म्हटले की घाट येतोच. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग, फर्दापूरहून वर अजिंठ्याचा घाट, आणि सातपुड्यात तोरणमाळ. युरोपातील नियमांत ओढण्याची क्षमता ठरवताना भरलेली जोडी १२ टक्क्यांच्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबवून पुन्हा सुरू करता आली पाहिजे, अशी अट आहे. घाटातील कोंडीत अगदी हेच करावे लागते. क्लचचा करपल्याचा वास आला, तर पुढे रेटू नये. क्लच आपोआप चालवणाऱ्या एएमटी गाड्यांना ही कसरत विशेष जड जाते. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलामार्फत ताकद पोचवणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येथे अधिक विश्वासाचा ठरतो.

उतार चढापेक्षा कठीण असतो. आपली ३,०१० किलोची जोडी २०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीस लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांवर टाकली तर ब्रेक ऑइल उकळते आणि पॅडल पोकळ लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढता येईल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहण्याऐवजी थोडा वेळ घट्ट दाबून पूर्ण सोडावा.

कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत, आणि त्याखालीही ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावे लागते. रेट्याने लागणारे ब्रेक, ज्यात गाडी मंदावली की कॅरव्हॅन पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात, हे साधे आणि टिकाऊ असतात. मात्र लांब उतारावर रेटा सतत राहत असल्याने ते तापतात, त्यामुळे मधे थांबा घ्यावा. विजेच्या ब्रेकला गाडीत वेगळा कंट्रोलर लागतो. दोन्ही प्रकारांत तुटण-दोरी हवीच: कपलिंग सुटले तर ती ताणली जाऊन कॅरव्हॅनचे ब्रेक लावते. ती बॉलच्या मानेभोवती नुसती न गुंडाळता टो बारवरील कडीत अडकवावी. साखळ्या असतील तर त्या दांडीखाली एकमेकींना ओलांडून बांधाव्यात, म्हणजे दांडी सुटली तरी रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडेल.

टायर, दिवे, आरसे

मे महिन्यात भुसावळ-जळगावचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ती वर्षातले बहुतेक दिवस उन्हात उभी असते. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर बदलण्याचा विचार करावा आणि सातच्या पुढे नक्षी कितीही चांगली असली तरी वापरू नये. भारांक ८८ असलेला टायर ५६० किलो पेलतो, म्हणजे दोन टायर १,१२० किलो; १,१०० किलोच्या कॅरव्हॅनला हे काठावरचे आहे, तेव्हा ९१ चा, म्हणजे ६१५ किलोचा घ्यावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

इंडिकेटर, ब्रेक आणि मागचे दिवे प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असते, त्यामुळे बाहेर निघणारे जोड-आरसे लावावेत. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कोणीही बसू नये, झोपलेले मूलसुद्धा नाही, आणि सिलिंडरचा कॉक बंद असावा.

पहिला प्रवास

पहिल्यांदा तोरणमाळला जाऊ नये; सातपायरी घाटाची वळणे एकट्या गाडीलाही कस लावतात, आणि वळणात कॅरव्हॅनची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आत कापतात. मार्गशीर्षात दत्त जयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा हवा थंड असते आणि धुळे-दोंडाईचा बाजूने रस्ता बहुतांश सपाट आहे. पहिल्या मुक्कामासाठी मला ती वाट योग्य वाटते. तत्पूर्वी मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव करावा. गावोगावच्या गतिरोधकांवर टो बार घासतो, म्हणून ते अगदी हळू आणि सरळ ओलांडावेत. वेग साठपर्यंत ठेवावा. ऐंशीला जोडीची गतिज ऊर्जा साठच्या जवळजवळ पावणेदोन पट असते.

निघाल्यावर वीस किलोमीटरवर सुरक्षित जागा पाहून थांबावे. चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, कपलिंग बॉलवर पक्के बसल्याची खूण दिसते का पाहावे, आणि कॅरव्हॅनच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ हाताची पाठ न्यावी. दोन्ही सारखेच कोमट असावेत. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट तापलेला असेल, तर त्या बाजूचा ब्रेक धरून बसला आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे; ते दुरुस्त होईपर्यंत तेथून पुढे जाऊ नये.